मामांचं नेट रोज दिवेलागणीला जातं, पुण्यातून काय करता येईल?

अर्धा_वऱ्हाडी
मामा-मामी दर्यापूर तालुक्यातल्या एका लहान गावात राहतात, मी पुण्यात. आठेक महिन्यांपूर्वी मीच मागे लागून त्यांना फायबर घ्यायला लावलं. त्यामुळे आता नेट बंद पडलं की गुन्हा माझा. मामा बाजार समितीचे तुरीचे भाव बघतात, मामी टीव्हीवर कीर्तनं लावते.

गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी सहा ते आठच्या मधे नेट जातं. कधी पाच मिनिटं, कधी तासभर. लगेच फोन: "अबे, गेलं पाय तुहं नेट." कोणते दिवे लागलेत विचारलं तर, "सारे लागून हायेत न." कंपनीचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा दुपारी. दुपारी नेट चालूच असतं. चहा पिऊन गेला.

मामांना फोनवर नेमकं काय विचारू? आणि पोळ्याला गावी जाणार आहे, तेव्हा सोबत काय घेऊन जाऊ?

तारजोड
फायबर जोडायचं काम करतो, यवतमाळकडे. "नेट चालू आहे का" हा प्रश्न विचारूच नका, त्यातून काही कळत नाही. नेटच्या डब्यावरचे, म्हणजे राउटरवरचे दिवे विचारा. नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात, पण साधारण असं असतं:

पॉनचा हिरवा दिवा स्थिर असेल तर घरातला डबा कंपनीच्या मशीनशी बोलतोय. तो लुकलुकत असेल तर बोलायची खटपट चालू आहे. एलओएस लाल लागला किंवा लुकलुकला म्हणजे वायरीतून प्रकाशच पोचत नाही, किंवा फार कमी पोचतो. तिथे तुम्ही पुण्यातून काय, मामा गावातूनही काही करू शकत नाहीत, लाईनमनच लागतो. पॉन ठीक, एलओएस विझलेला, पण इंटरनेटचा दिवा नाही, तर लॉगिनची नाहीतर बिलाची भानगड. सगळे दिवे व्यवस्थित असून फक्त मोबाईलवर चालत नसेल तर दोष घरातच शोधा.

आणि एक, सगळे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक लागतात का, तेही बघायला सांगा. रोज ठरलेल्या वेळेला जातं म्हणता, म्हणून विचारतो.

कवेलूचं_घर
दिव्यांची नावं इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असतात, मामांना ती कुठून वाचता येणार! आमच्याकडे आईच्या टिकल्यांचं पाकीट कामी आलं. पॉनशेजारी हिरवी टिकली, एलओएसशेजारी लाल, इंटरनेटशेजारी पिवळी. आता आई फोनवर सांगते, "लाल टिकलीवाला लागला." बात खतम. टिकली दिव्यावर नाही, बाजूला लावा. पहिल्या खेपेला आईने दिवेच झाकले होते.

गोंदियाची
माझी एकच कळकळीची विनंती. फोनवर "रिसेट" हा शब्द तोंडातून काढू नका. मी नागपुरात, बाबा गोंदिया जिल्ह्यात. मी म्हटलं, बाबा जरा रिसेट करून बघा. मला म्हणायचं होतं बंद करून चालू करा. बाबांनी चष्मा लावला, डब्यामागचं बारीक छिद्र शोधलं, सेफ्टी पिन घातली आणि मोठ्या निष्ठेने दाबून धरली. कंपनीने भरलेलं लॉगिन, वायफायचं नाव, पासवर्ड, सगळं पुसलं गेलं. ते लॉगिन आमच्यापैकी कुणाकडे लिहिलेलं नव्हतं. माणूस यायला चार दिवस लागले आणि बाबा ते चार दिवस स्वतःला दोष देत बसले, चूक माझी असून.

आता आमचं वाक्य ठरलेलं आहे: "भिंतीवरचं बटण बंद करा, शंभरपर्यंत मोजा, चालू करा, मग पाच मिनिटं हात लावू नका." शेवटचा भाग महत्त्वाचा. डब्याला सुरू व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात माणसं घाबरून तीनदा बंद-चालू करतात. त्या छिद्रावर आम्ही चिकटपट्टी लावली आहे.

अर्धा_वऱ्हाडी
टिकल्या लावून झाल्या. काल संध्याकाळी साडेसहाला मोबाईलच्या डेटावरून व्हिडिओ कॉल केला. पंचाईत अशी, की मोबाईलला रेंज फक्त अंगणात, लिंबाखाली. म्हणजे मामा लिंबाखाली, मामी आत डब्यासमोर. आतून मामी ओरडणार, मामा मला सांगणार, मग मी विचारणार, मामा आत ओरडणार. अर्धी गल्ली जमली.

पण कळलं. सगळे दिवे विझले आणि तीन-चार मिनिटांत एकेक करून आले. लाल टिकलीवाला लागलाच नाही. त्या वेळी घरची लाईन गेलेली नव्हती, पंखा चालू होता.

तारजोड
मग ही फायबरची गोष्ट नाही. डब्याची वीज तुटते आहे. ॲडॉप्टर कशात खोचलाय? त्याच बोर्डात संध्याकाळी अजून काही लागतं का? व्होल्टेज कमी होतं म्हणून असेल असं वाटेल, पण बहुतेक ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, वर लिहिलेलं असतं. मला ढिल्या पिनेचा जास्त संशय आहे.

अर्धा_वऱ्हाडी
तारजोड, हात जोडले. एक मल्टीप्लग आहे, त्यात ॲडॉप्टर. संध्याकाळी डास सुरू झाले की मामी त्याच मल्टीप्लगमधे डासांची मशीन खोचते. खोचताना ॲडॉप्टर हलतो. मग मामा येऊन मशीन "नीट" बसवतात, तो पुन्हा हलतो. तीन आठवडे मी कंपनीला शिव्या देत होतो.

मशीन दुसऱ्या खोलीत नेली. मामी म्हणते, "माह्या मशीनचं नाव कावून घेता, वायर तुमची ढिली."

खारपाणपट्टा
मामींचं बरोबर आहे. मल्टीप्लग फेकून द्या, भिंतीवर ॲडॉप्टरसाठी वेगळा सॉकेट बसवा. ढिल्या जागी ठिणगी पडते, पुढे प्लास्टिक वितळतं.

पोळ्याला जाताना राउटरचा छोटा यूपीएस न्या, लाईन गेली की डबा बॅटरीवर चालवतो. आमच्याकडे आहे. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, बहुधा १२ असतात. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नको. पण त्याआधी गावात एक चौकशी करा: लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवाल्यांच्या घरी नेट राहतं का? राहत नसेल तर कंपनीच्या टोकालाच बॅटरी नाही, मग तुमचा यूपीएस नुसता दिवे लावत बसेल.

पावसाळ्यात वीज कडाडायच्या आधीच ॲडॉप्टर काढून ठेवायला सांगा. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही, ॲडॉप्टरच्या वायरीतून येते. मामांच्या फोनमधे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप टाका, आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. शेतात असतानाही कामाचं.

अर्धा_वऱ्हाडी
चार दिवस छान गेले. काल वारा-पाऊस होता आणि मामांचा फोन: "आता लाल टिकली लुकलुक करून राह्यली." तासाभराने आपोआप आलं. हे वेगळं दुखणं दिसतंय, जे मधे मधे तासभर जायचं ते हेच असावं. आता काय?

तारजोड
हो, ही फायबरच्या लाईनची बाब. नेट चालू असताना मामांच्या मोबाईलवर ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ उघडायला लावा. पत्ता आणि पासवर्ड बहुतेक डब्याखालच्या स्टिकरवर असतो. आत ऑप्टिकल किंवा पॉनच्या पानावर आरएक्स पॉवर असा आकडा असतो, उणे चिन्हाचा. डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो ते त्यातून कळतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमधे स्क्रीन दाखवता येते, तुम्ही नुसतं "आता वरचं दाबा" म्हणा. काही बदलू नका, फक्त वाचा.

उणे १५ ते २५ डीबीएम (प्रकाश मोजायचं माप) असेल तर निवांत. उणे २७ च्या खाली गेलं की डबा कधी ऐकतो, कधी नाही. लक्षात ठेवा, १० डीबी कमी म्हणजे प्रकाश दहावा हिस्सा.

अर्धा_वऱ्हाडी
उणे २७.४.

तारजोड
काठावर आहे. वारा सुटला, वायर हलली की पलीकडे जाते. खांबावरून घरापर्यंत जी बारीक वायर येते तिचा रस्ता विचारा. कुटाराची ट्रॉली अडकते का, वानरं लोंबकळतात का, खिडकीत दाबली गेली आहे का, खिळ्याभोवती गुंडाळली आहे का. फायबरला कडक वळण चालत नाही. डब्यात जाणारी पिन हिरवी असेल तर समोरही हिरवीच हवी. हिरवी-निळी जोडली तर प्रकाश वाया जातो. पण पिन काढून तिच्या तोंडात बघू नका, तो लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

लाईनमन आला की त्याला एवढंच म्हणा: खांबावरच्या जेसी बॉक्समधे, म्हणजे वायरी जोडायच्या पेटीत, मीटर लावून आकडा सांग, मग घरात सांग. बॉक्सला उणे २० आणि घरात उणे २७ आला तर वायर बदलायची. बॉक्सलाच २७ असेल तर दोष मागे आहे. आकडा विचारणारं गिऱ्हाईक दिसलं की आम्ही लोकही नीट काम करतो, खरं सांगतो.

गोंदियाची
आणि दर वेळी तक्रार क्रमांक घ्या. बाबा दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवरच लिहितात, कोणत्या दिवशी किती वेळ गेलं ते. तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे हा क्रमांक लागतो. ट्राय, म्हणजे सरकारचं दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे वेळ घालवू नका.

कवेलूचं_घर
स्क्रीन दाखवायची सवय लावताय तर मामांना हेही सांगून ठेवा, की ही फक्त भाच्यासाठी. "नेट दुरुस्त करतो, हे ॲप टाका, ओटीपी सांगा" म्हणणारा कुणीही असो, फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

अर्धा_वऱ्हाडी
लाईनमन काल आला. मामांनी दारातच विचारलं, "बॉक्सले किती हाय?" तो म्हणे दोन मिनिटं बघतच राहिला. बॉक्सला उणे २०.१, घरात उणे २७ च्याही खाली. गोठ्याच्या पत्र्याखाली वायर चेपली होती. नवी टाकली, आता घरात उणे २१.३. मामीने तो आकडा कॅलेंडरवर लिहिलाय, दुधाच्या रकान्यात.