कुस्तीतून एमएमएकडे: ठोशांचं स्पॅरिंग किती जोरात करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीत तयार झालेला पैलवान. आता पुण्यात माझ्याकडे राहतो आणि एमएमए (ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणारी मिश्र लढत) शिकतो. मी ज्युदो खेळले आहे, त्यामुळे पकडीतलं मला कळतं. ठोशांतलं कळत नाही, म्हणून विचारतेय.

कुस्तीत समोरचा जीव तोडून विरोध करत नाही तोवर पट काढायला (पाय धरून पाडायला) येत नाही, ढाकेचा डाव बसत नाही. त्यामुळे रोजची लढत हवीच, यावर वस्ताद ठाम आहेत आणि मलाही ते पटतं. ज्युदोचंही तसंच. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत ठोसे-लाथा फक्त कातामध्ये (ठरवून केलेल्या डावांच्या सरावात) राहिल्या, रांदोरीत (मोकळ्या लढतीच्या सरावात) नाहीत. म्हणून तर रांदोरीत जोर लावता येतो. गळा आवळला गेला की हाताने थापटायचं, समोरचा सोडतो. डोक्यात बसलेला ठोसा कसा परत घेणार?

भावाच्या जिममध्ये मात्र ठोशांचं स्पॅरिंगही (जोडीदाराशी सरावाची लढत) खऱ्या लढतीसारखंच चालतं, पूर्ण ताकदीने. कोच म्हणतात, मार खाल्ल्याशिवाय भीती जात नाही. परवा तो घरी आला आणि दिवा बंद कर म्हणाला. थोड्या वेळाने विचारलं, "ताई, मी जेवलो का गं?" ताट अजून समोरच होतं. डॉक्टरांनी कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) आहे म्हणून सराव बंद केलाय. हेडगार्ड होतं की, असं जिममध्ये सांगतात. अहो, हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, आत मेंदू हलायचा तो हलतोच! हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार लागून नॉकआउट झालं तर किमान ३० दिवस स्पॅरिंगसुद्धा करू देत नाहीत. इथे पोरं दुसऱ्या दिवशी परत उभी.

दुसरी अडचण सवयीची आहे. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की चितपट, त्यामुळे खाली गेला की तो आपसूक पालथा होतो. एमएमएमध्ये पाठ दिली की समोरचा वर चढून गळाच धरतो. पट काढतानाही मान बाहेर राहते आणि गिलोटिनमध्ये (समोरून मानेला हात घालून गळा आवळायच्या पकडीत) अडकते. नुसतं सांगून ही सवय जात नाही. पालथ्या अवस्थेतूनच सुरुवात करून, समोरच्याला खरा जोर लावू देऊन सुटायचा सराव रोज घ्यावा, असं मला वाटतं. कुणी असं करून घेतलंय का?

आणि मुख्य प्रश्न: डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ठोशांचा सराव पॅड, बॅग आणि हलक्या हाताच्या स्पॅरिंगवर ठेवला, तर स्पर्धेत तो कमी पडेल का? कुस्तीतून बॉक्सिंग किंवा मुए थाईकडे (थायलंडच्या ठोसे-लाथांच्या लढतीकडे) गेलेल्यांनी आपला आठवडा कसा लावला होता, तेवढं कृपया सविस्तर लिहा. पुण्यात जोर आवरून शिकवणारे कोच माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा. कोचशी बोलायला मीच जाणार आहे, तो त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही.