शब्दचर्चा : रातकिडा, सिकाडा, आणि जाती की प्रजाती?

प्रश्न (रावेर तालुका)
पालच्या जंगलात वैशाखात भर दुपारी झाडांवरून एकसारखा कर्कश सूर लागतो. मुलांनी सागाच्या खोडाला चिकटलेल्या रिकाम्या काती गोळा करून आणल्या. गावात सगळे त्याला 'रातकिडा'च म्हणतात. शाळेच्या हस्तलिखितात तेच नाव ठेवू का? आणि 'सातपुड्यात आढळतो' हे सांगताना अधिवास लिहायचे की आढळक्षेत्र?

प्रतिसाद (जळगाव)
ताई, बोलण्यात 'रातकिडा' राहू द्या, लिहिताना मात्र दोघांना वेगळे करा. रातकिडा हा नाकतोड्याच्या गणातला. त्याच्या मिशा लांब, मागचे पाय उडी मारणारे, आणि पंखावर पंख घासून तो रात्री किरकिरतो. तुमचा दुपारचा गायक म्हणजे सिकाडा, तो ढेकूण-तुडतुड्यांच्या गणातला आहे. त्याच्या मिशा केसासारख्या आखूड असतात आणि पंख पाठीवर छपरासारखे उतरते. आवाज नरच काढतो, तोही पंख घासून नाही. पोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना ताणलेले पापुद्रे असतात, ते स्नायूंनी भराभर आत-बाहेर होतात आणि पोकळ पोटात तो आवाज घुमतो.

संस्कृतातला 'झिल्ली' काही जण सुचवतात. मला तो पटत नाही. तो शब्द मुळात रातकिड्यासाठीच आहे, म्हणजे घोळ तसाच राहील. 'सिकाडा' हा शब्द मराठीत आता रुळला आहे, तोच वापरा. कातीबद्दल लिहिताना 'अळीची कात' लिहू नका. सिकाड्याला अळी आणि कोष या अवस्था नसतात. पिल्लू जमिनीत मुळांचा रस पिऊन वाढते, वर येऊन खोडावर शेवटची कात टाकते आणि पंख फुटलेला सिकाडा बाहेर पडतो.

प्रतिसाद (धुळे)
याहून मोठा घोळ 'जाती' आणि 'प्रजाती'चा आहे. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती हा वरचा गट आणि जाती हा त्यातला एकेक प्रकार. वर्तमानपत्रे हिंदीच्या वळणाने जातीलाच 'प्रजाती' म्हणतात. एरवी चालून जाईल, पण आढळक्षेत्र सांगताना याने अर्थच बदलतो.

प्लॅटीप्लुरा ही सिकाड्यांची प्रजाती घ्या. तिच्यातल्या जाती आफ्रिकेपासून भारतमार्गे जपानपर्यंत पसरल्या आहेत. उलट क्रेमिस्टिका रिभोई ही एक जाती. तिचे शास्त्रीय वर्णन 2013 मध्ये झाले आणि ती मेघालयातल्या री-भोई भागातली. दर चार वर्षांनी ती एकदम बाहेर येते. पहिलीचा पसारा दुसरीला चिकटवला तर विधान साफ खोटे ठरते. अमेरिकेतल्या 13 आणि 17 वर्षांच्या सिकाड्यांचे तसेच. ते त्या खंडाच्या पूर्व भागातले. 2024 मध्ये त्यांचे दोन गट एकाच वर्षी वर आले तेव्हा आपल्याकडेही 'सिकाडा सतरा वर्षांनी येतो' असे सरसकट लिहिले गेले. खान्देशात तर दर उन्हाळ्यात त्यांचा आवाज कानावर येतो!

अधिवास म्हणजे राहण्याची जागा कशी, तर सागाचे कोरडे पानगळीचे जंगल. आढळक्षेत्र म्हणजे नकाशावरचा पसारा. तोरणमाळ आणि पाल यांचा अधिवास सारखा असेल, म्हणून दोन्हीकडे एकच जाती असेलच असे नाही. नुसता 'आढळ' म्हणजे एका ठिकाणची एक नोंद.

प्रश्नकर्ती
दादा, मग मुलांनी जाती ओळखायची कशी? एक आजोबा विचारत होते, "हाऊ कोनता किडा शे?"

प्रतिसाद (धुळे)
नुसत्या कातीवरून जाती ठरवू नका. आवाज ध्वनिमुद्रित करा, प्रत्येक जातीचा सूर वेगळा असतो आणि ओळखीला तोच फार उपयोगी पडतो. फोटो वरून आणि पोटाकडूनही घ्या. पंखांवरचे डाग, शिरा आणि नराच्या पोटाखालची झाकणे त्यात स्पष्ट दिसायला हवीत. तोवर हस्तलिखितात एवढेच लिहा : 'सिकाडा, जाती ठरलेली नाही. आढळ : पाल, ता. रावेर. अधिवास : सागाचे जंगल. वेळ : दुपार.' तारीख विसरू नका. आढळक्षेत्राचा रकाना रिकामा ठेवा. आजोबांना त्यांच्या लहानपणी हा सूर कुठल्या महिन्यात लागायचा तेवढे विचारून घ्या आणि त्यांच्याच बोलीत उतरवा.