बोअरच्या पाण्यावर डिशवॉशर: फॉस्फेटमुक्त पावडर, मीठ आणि घरगुती मिश्रणं

(एका चर्चेतले प्रश्न आणि उत्तरं; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

डिशवॉशरसाठी आणि एकूणच घराच्या सफाईसाठी नदीला कमीत कमी त्रास होईल अशा वस्तू निवडायच्या आहेत. परिस्थिती अशी: पुणे, सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं, मार्चनंतर टँकर. टेस्ट स्ट्रिपवर हार्डनेस (पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) ४५० पीपीएमच्या आसपास. सोसायटीचा स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) आहे. तिथून निघालेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं.

'प्लांट बेस्ड, फॉस्फेटमुक्त' लिहिलेली पावडर वापरली की स्टीलच्या ताटांवर आणि काचेच्या पेल्यांवर पांढुरका थर राहतो. फॉस्फेटवाल्या पावडरीने तो येत नाही. मग फॉस्फेटमुक्त पावडर जड पाण्यात चालतच नाही का? मशीनच्या मिठाऐवजी खडे मीठ आणि रिन्स एडऐवजी (शेवटच्या धुण्यात पडणारं, भांडी डागांशिवाय वाळवणारं द्रावण) व्हिनेगर चालेल का? धुण्याचा सोडा, सायट्रिक ॲसिड, बोरॅक्स आणि मीठ यांची घरगुती पावडर कितपत उपयोगी? आणि ओटा, फरशी यांना बायोएंझाइम (गूळ आणि फळांच्या साली मुरवून केलेलं द्रावण) वापरलं तर काही नुकसान?

खलबत्ता

पावडर बदलण्याआधी तो थर कसला आहे ते बघा. थर आलेला एक पेला घ्या, कापसाचा बोळा लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून एका जागी दोन मिनिटं धरा आणि पुसा. तेवढी जागा लख्ख झाली तर तो क्षार आहे. बोटाला चिकट, तेलकट लागत असेल तर पावडर कमी पडली किंवा पाणी पुरेसं तापलं नाही. आणि लिंबानेही न जाता काच धुरकटच राहिली तर काच झिजली आहे. हे उलट फार मऊ पाणी, जास्त पावडर आणि जास्त तापमान यांनी होतं, आणि ते परत सुधारत नाही. ४५० पीपीएमला बहुधा क्षारच निघेल.

आता फॉस्फेटवाल्या पावडरीने थर का येत नव्हता? फॉस्फेट पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, भांड्यावर बसू देत नाही. म्हणजे मशीनमधला सॉफ्टनर नीट काम करत नसला तरी पावडर ते झाकून नेत होती. फॉस्फेट काढलं आणि झाकलेलं उघडं पडलं. दोष नव्या पावडरीचा नाही, सॉफ्टनरच्या सेटिंगचा आहे.

सॉफ्टनर म्हणजे मशीनच्या तळाशी असलेला रेझिनचा डबा. हे रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. ते भरलं की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजं करावं लागतं; मीठ लागतं ते त्यासाठी. ताजं किती वेळा करायचं हे मशीन तुम्ही दिलेल्या हार्डनेसच्या आकड्यावरून ठरवतं. बरीच मशीनं मधल्या किंवा खालच्या आकड्यावर लावून येतात, आणि बसवून देताना तो बदलला जातोच असं नाही. पुस्तिकेत आकडा जर्मन अंशांत असतो: पीपीएमला १७.८ने भागा. ४५० भागिले १७.८ म्हणजे साधारण २५ अंश. पुस्तिकेतल्या तक्त्यात २५ ज्या पायरीत बसतो ती पायरी लावा. टँकरचं पाणी सुरू झालं की पट्टी पुन्हा बुडवून बघा, आकडा बदलतो. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेलं सगळंच मोजतो, त्यातला हार्डनेस किती ते सांगत नाही.

मीठ भरताना: अगदी पहिल्यांदा डब्यात आधी पाणी भरायचं (बहुतेक मशीनना लिटरभर), मग मीठ. नंतर कधीही नुसतं मीठ. भरताना थोडं खारं पाणी बाहेर सांडतंच. म्हणून झाकण घट्ट लावून लगेच एक फेरी चालवा, नाहीतर त्या पाण्याने स्टीलच्या तळाला गंजाचे ठिपके पडतात. झाकण सैल राहिलं की मीठ धुण्याच्या पाण्यात उतरतं आणि भांड्यांवर पांढरं दिसतं. पुष्कळदा लोक ज्याला क्षार समजतात तो हा प्रकार असतो. जिभेला लावलं की खारट लागतो. या डब्यात चुकूनही पावडर टाकू नका, सॉफ्टनर बदलावा लागतो.

खडे मीठ नको. त्यात माती, वाळू असतेच, शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही असतात, म्हणजे जे काढायचं तेच आपण आत घालतो. जेवणातलं बारीक मीठही नको: ते गोठून बसतं, आणि मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेले पदार्थ रेझिन चोंदवतात. जाड दाण्याचं, शुद्ध, आयोडीन नसलेलं डिशवॉशरचं मीठच आणा.

व्हिनेगरबद्दल: रिन्स एडचं खरं काम पाण्याचा थेंब होऊ न देणं, पाणी पातळ पडदा होऊन निथळणं. ते सर्फॅक्टंटमुळे (पाणी पसरवणाऱ्या, साबणासारख्या घटकामुळे) होतं, आंबटपणामुळे नाही. व्हिनेगर तेवढं करत नाही आणि त्या कप्प्यात कायम राहिलं तर रबरी सील खातं. रिन्स एडचा डोस मधल्या आकड्यावरून सुरू करा: थेंबांचे डाग दिसले तर एक वाढवा, निळसर ओघळ किंवा चिकटपणा दिसला तर एक कमी करा.

राइनकाठी

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी आणि तिथून गोळ्या मागवणाऱ्यांसाठी एक भर. इथे जर्मनीत पाणीपुरवठा कंपनी हार्डनेस जाहीर करते: ८.४ अंशांखाली मऊ, १४च्या वर कठीण. 'ऑल इन वन' गोळ्यांतलं मिठाचं काम बहुधा २१ अंशांपर्यंतच धरलेलं असतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. तुमचं पाणी २५ अंश. म्हणजे गोळी कितीही महाग असली तरी वेगळं मीठ हवंच.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७पासून घरगुती डिशवॉशर डिटर्जंटमध्ये एका प्रमाणित फेरीला ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस चालणार नाही असा नियम केला. तेव्हापासून इथली सगळी पावडर प्रत्यक्षात फॉस्फेटशिवायचीच आहे, आणि कठीण पाण्याच्या गावांतही भांडी स्वच्छ निघतात. त्यामुळे 'चालतच नाही का' याचं उत्तर: चालते, मीठ भरलेलं असेल तर.

मोरीघर

पाकीट कसं वाचायचं ते सांगतो. 'प्लांट बेस्ड', 'केमिकल फ्री', 'नॅचरल' हे शब्द बाजूला ठेवा. मीठ आणि सोडाही रसायनंच आहेत. घटकांची पूर्ण यादी नसेल तर ते पाकीट तिथेच ठेवून द्या.

यादीत चार गोष्टी शोधा. क्षार धरणारा घटक: सोडियम सायट्रेट, एमजीडीए किंवा जीएलडीए. हे चांगलं काम करतात आणि सांडपाण्यात विघटन पावतात. ईडीटीए दिसला तर टाळा, तो सहजी विघटन पावत नाही. दुसरं, ऑक्सिजनचं ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट, आणि ते कमी तापमानाला चालावं म्हणून टीएईडी. चहाचे डाग यानेच जातात. तिसरं आणि आपल्या स्वयंपाकघरासाठी सगळ्यात महत्त्वाचं, एंझाइम: भाताच्या पेजेसाठी अमायलेज, डाळ-अंड्यासाठी प्रोटिएज. बऱ्याच 'हर्बल' पावडरींत एंझाइमच नसतात, नुसता सोडा आणि वास असतो. कुकरच्या डब्याला वाळलेलं वरण त्याने सुटत नाही. चौथं, कमी फेसाचा सर्फॅक्टंट. क्लोरीनचं ब्लीच असलेली घेऊ नका. ते एंझाइमही मारतं आणि एसटीपीतले जिवाणूही.

सरकारी चिन्हांत 'इकोमार्क' १९९१पासून आहे, मडक्याच्या चित्राचं. त्याचे नवे नियम २०२४मध्ये आले. चिन्ह असेल तर उत्तमच, पण नसलं तरी वरची यादी पुरे.

गोळीपेक्षा पावडर घ्या. कमी खरकट्याला १५ ग्रॅम, तेलकट भरलेल्या मशीनला २० ते २५. गोळी अर्धी करता येत नाही. पॉडचं आवरण पीव्हीएचं, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकचं असतं. पाण्यात विरघळलं म्हणजे विघटन पावलं असं नाही. पावडर मात्र पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दमट हवेत परकार्बोनेटचा जोर जातो आणि गठ्ठे होतात. सहा महिन्यांत संपेल एवढीच आणा.

एंझाइमना ४० ते ६० अंश सेल्सिअस मानवतं. म्हणून ५०चा इको कार्यक्रम तीन-चार तास चालला तरी घाबरू नका. वीज मुख्यतः पाणी तापवायला जाते, वेळेला नाही.

खलबत्ता

घरगुती पावडरबद्दल राहिलं होतं. सोडा, बोरॅक्स, सायट्रिक ॲसिड, मीठ या मिश्रणात एंझाइम नाही, ब्लीच नाही. जड पाण्यात धुण्याचा सोडा कॅल्शियमशी मिळून चक्क खडू तयार करतो, तोच ताटावर बसतो. सोडा आणि सायट्रिक ॲसिड एका डब्यात ठेवले की हवेतल्या दमटपणाने आतच फसफसतात आणि आठवड्यात दगड होतो. बोरॅक्स प्रजननाला अपायकारक म्हणून युरोपात वर्गीकृत आहे; जेवणाच्या ताटाजवळ तो आणायची गरज नाही. मिश्रणातलं मीठ तर निव्वळ वाया: ते सॉफ्टनरपर्यंत पोचतच नाही.

रिठ्याचं पाणी हाताने घासायला छान आहे, पण मशीनमध्ये घालू नका, भांड्याचा साबणही नको. फेस झाला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, फवाऱ्याचा जोर जातो आणि दारातून फेस गळतो.

सायट्रिक ॲसिडची योग्य जागा वेगळी आहे: मशीनमधला जुना थर काढणं. मशीन रिकामं, पावडर नाही, तळाशी ७०-८० ग्रॅम, ५० अंश सेल्सिअसची फेरी. ७० अंशांवर लावू नका. गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि काढलेला थर दुसऱ्या रूपात परत बसतो.

शहाबादी

बायोएंझाइम कुठे वापरायचं हे दगडावर ठरतं. गूळ १, फळांच्या साली ३, पाणी १० या प्रमाणात तीन महिने मुरवलेलं द्रावण चांगलंच आंबट असतं. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड; संगमरवरही त्याच जातीचा. आंबट लागलं की त्यांची चकाकी जाते, आणि ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. ओटा काळा आहे म्हणजे ग्रॅनाइटच असं समजू नका. ओट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला लिंबाचा एक थेंब ठेवा, पाच मिनिटांनी पुसा आणि तिरक्या उजेडात बघा. मंद, खरखरीत ठिपका दिसला तर तो कडप्पा. त्याला कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, बस्स. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइलला बायोएंझाइम चालतं: बादलीभर पाण्यात दोन झाकणं.

बाटली मुरत असताना पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडा, काचेची बाटली तर वापरूच नका. ते जंतुनाशक नाही हेही लक्षात असू द्या. आणि बायोएंझाइम, व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड यांपैकी काहीही ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड ब्लीचसोबत एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो. तसंच व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून काही मिळत नाही. फसफस संपली की उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी.

पाणीपट्टी

एसटीपीच्या बाजूने. सोसायटीच्या साध्या जैविक एसटीपीत फॉस्फरस फारसा निघत नाही. बागेत गेला तर तो खतच आहे, पण जादाचं पाणी शेवटी नाल्यातून नदीत जातं, आणि मुळा-मुठेवरच्या जलपर्णीला तेच खाद्य मिळतं. म्हणून फॉस्फेट सोडण्याचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. हवा सोडण्याच्या टाकीवर पांढरा फेस चढतोय का ते अधूनमधून बघा; साबण भसाभस वापरला जात असेल तर तिथे आधी कळतं. फिनेल, क्लोरीन, संडासचं ॲसिड हे एकाच सकाळी सगळ्या घरांतून गेलं की जिवाणू मार खातात आणि चार दिवस पाण्याला वास येतो.

मिठाचाही हिशोब ठेवा. सोडियम शेवटी बागेत जातं, आणि सोडियम साचलं की जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते, हे ऊस पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. एका डिशवॉशरचं मीठ थोडंच असतं, त्यामुळे ते बंद करू नका. पण सेटिंग गरजेपेक्षा वर ठेवलं तर मीठ विनाकारण वाहून जातं. मोठा प्रश्न इमारतीच्या सॉफ्टनर प्लँटचा. त्याचं खारं पाणी एसटीपीत सोडत असतील तर बैठकीत विचारा.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. मशीनचं सेटिंग ८ अंशांवर होतं, ते २५च्या पायरीवर नेलं आहे. लिंबाच्या बोळ्याने पेला साफ होतो, म्हणजे क्षारच. दोन गोष्टी अजून: फॉस्फेटची अर्धी पिशवी उरली आहे, तिचं काय करायचं? आणि कढई, तवा, कुकर यांतलं काय मशीनमध्ये जातं?

खलबत्ता

उरलेली पावडर वापरून संपवा, मोरीत ओतू नका. एकदम ओतली तर सगळा फॉस्फेट एका दिवसात जाईल. सॉफ्टनर ताळ्यावर आला की १५ ग्रॅमही पुरेल.

ॲल्युमिनियमचा कुकर आणि हिंडालियमची कढई नको. सोड्याच्या अल्कलीने काळीकुट्ट होतात आणि ती काजळी हाताला लागते. लोखंडी तवा नको, मुरलेलं तेल निघून जातं आणि वाळायच्या आत गंज धरतो. तांबं-पितळ नको. स्टीलचा कुकर चालेल, पण शिट्टी आणि गॅस्केट हातानेच धुवा आणि झाकणाची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. हळदीने पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे मशीनमधून आणखी तांबूस निघतील, कारण अल्कलीत हळद लाल होते. धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा, डाग उडतो.

भांडी नळाखाली विसळून लावू नका, खरकटं रबरी उलथन्याने निपटून काढा एवढंच. नळ चालू ठेवून विसळलं तर मशीनच्या एका फेरीला लागणारं दहा-बारा लिटर पाणी तिथेच जातं. फोडणीच्या भांड्यातली मोहरी मात्र आठवणीने काढा. मोहरीचा दाणा जाळीतून निसटून पाणी फवारणाऱ्या फिरत्या पंख्याच्या भोकात नेमका अडकतो, आणि वरच्या कप्प्यातले पेले एका बाजूने मळके राहू लागतात. पंखा वर ओढून किंवा पेच फिरवून निघतो. भोकं टूथपिकने मोकळी करा, पंखा कानाजवळ हलवून बघा. आत खुळखुळ ऐकू आली तर अजून दाणे आहेत.