चिऱ्याच्या घरात बंदुकीसाठी तिजोरी: कोणती घेऊ आणि कुठे बसवू?

कलमवाला_राजापूर:

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची दीडशे कलमांची हापूसची बाग आहे आणि घरात शेतीसंरक्षण परवान्यावरची एक बारा बोअरची दुनळी. परवाना आधी वडिलांच्या नावावर होता. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर वारस म्हणून मी तो माझ्या नावावर करून घेतला. अर्ज करताना बंदूक घरात सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र लिहून दिलं होतं. ते मी पाळलं नाही, म्हणून आज विचारतोय.

आजवर बंदूक माजघरातल्या लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे उभी असायची. काडतुसं त्याच कपाटाच्या खणात. किल्ली देव्हाऱ्यात, गणपतीच्या तसबिरीमागे. वडिलांपासून चालत आलेली जागा. गेल्या महिन्यात भर दुपारी बागेतून घरी आलो तर कपाट उघडं होतं आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा बंदूक मांडीवर घेऊन फडक्याने पुसत बसला होता. अगदी मी पुसतो तशी. बंदूक रिकामी होती. पण खण बाजूलाच होता. मला ओरडायलाही सुचलं नाही. त्या रात्री आम्ही दोघंही नवराबायको जागे होतो. दुसऱ्या दिवशी बंदूक आणि काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली. नीट सोय झाल्याशिवाय ती घरात येणार नाही.

आता घराचं सांगतो. चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, लाकडी वाशे. माजघरावर माळा आहे, त्यावर आंब्याच्या पेट्या आणि पेट्यांत घालायचं सुकं गवत. स्वयंपाकघर माजघराला लागून, गॅसचं सिलिंडर तिथेच. होळीनंतर खालच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, वणवे लागतात. दोन वर्षांपूर्वी आमचा गोठा थोडक्यात वाचला. बंब तालुक्याहून यायचा म्हणजे तासाच्या वर. चोरी आजवर झालेली नाही, पण हंगामात दोन महिने घराला कोणी ना कोणी बाहेरचं येत-जात असतं, आणि गणपतीनंतर आठ दिवस आम्ही मुंबईला असतो.

दुकानदार म्हणतो, मोठी फायरप्रूफ तिजोरी घ्या, बंदूक, बायकोचे दागिने, जमिनीचे कागद सगळं एकात बसेल. चाळीस हजारांपर्यंत खर्च करीन. ती माजघरात, जुन्या कपाटाच्याच जागी बसवायची म्हणतोय. बरोबर आहे का?

चिपळूण_बाजारपेठ:

दादा, घर सड्यावर आहे की नदीकाठी, ते आधी सांगा. 22 जुलै 2021 ला आमच्या दुकानामागच्या खोलीत तिजोरी होती. फायरप्रूफ म्हणूनच घेतलेली, बटणांचं कुलूप. पाणी छताला लागलं. दोन दिवसांनी चिखल काढला तर बटणं बंद, किल्लीच्या भोकात गाळ. कटर लावून पत्रा कापला तेव्हा आत खतांच्या बिलांचा आणि खरेदीखताचा लगदा झालेला. दाराच्या कडेला जी पट्टी असते ती आग लागल्यावर उष्णतेने फुगून फट बंद करते. पाण्याने ती फुगत नाही. आगीसाठी घेतलेली वस्तू पुराला चालेल असं आम्ही धरून चाललो होतो. आता आमचे कागद वरच्या मजल्यावर आणि त्यांच्या प्रती भावाकडे पुण्याला असतात.

ह्यूस्टनहून_सुजाता:

तुम्ही बंदूक दुसऱ्याच दिवशी जमा केलीत हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे टेक्सासात गल्लीगल्लीत बंदुकी आहेत, आणि मुलं दुसऱ्याच्या घरी खेळायला जाणार असतील तर मी त्या आईला सरळ विचारते, तुमच्या घरी बंदूक कुठे असते? पहिल्यांदा अवघड गेलं, आता जात नाही. मुलांना किल्लीची जागा ठाऊक असतेच, भाऊ. लपवलेली किल्ली म्हणजे कुलूप नाही.

तिजोरीबद्दल एवढंच. इथे दुकानात जे गन सेफ म्हणून मिळतं त्यातल्या बहुतेकांना आरएससी हा घरगुती दर्जा असतो. चाचणी अशी की एक माणूस साध्या हातोडी-पहारीने पाच मिनिटं झटेल आणि दार उघडणार नाही. फक्त पाच मिनिटं! दिसायला बँकेची तिजोरी, प्रत्यक्षात पातळ पत्र्याच्या आत बोर्ड. आम्हाला बसवणाऱ्याने एक युक्ती सांगितली ती उपयोगी आहे: तिजोरी कोपऱ्यात अशी ठेवा की दाराची मुठीकडची कड भिंतीजवळ येईल. मग चोराला त्या फटीत पहार घालून रेटायला जागाच उरत नाही.

तिजोरीफिटर_देवरुख:

कलमवाले, मी एकतीस वर्षं मुंबईत बँकांच्या लॉकरखोल्या आणि घरच्या तिजोऱ्या बसवल्या. आता गावी देवरुखला असतो, तेव्हा चिऱ्याचं घर आणि आपला पाऊस दोन्ही माहीत आहेत. दुकानदाराने सांगितलेली तिजोरी घेऊ नका. कारण सविस्तर सांगतो.

फायरप्रूफ तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये जिप्समचा बोर्ड किंवा सिमेंटचं मिश्रण भरलेलं असतं. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा भाग पाणीच असतं, दगडात बांधलेलं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन सुटतं आणि उष्णता खातं. त्यावरच सगळं काम चालतं. चाचणीची भट्टी पाच मिनिटांत 538 अंशांवर आणि एका तासात 927 अंशांवर जाते, आणि तिजोरीच्या आत 177 च्या वर जाता कामा नये, कारण त्यापुढे कागद करपू लागतो. म्हणजे ही वस्तू मुळात कागदासाठी बनवलेली आहे.

आता तीच पेटी आपल्याकडच्या श्रावणात बघा. भरावात ओल, दाराला पट्टी, आत हवा कोंडलेली. संगमेश्वरात एकांनी माझा सल्ला न घेता अशा तिजोरीत एकनळी ठेवली होती. एका पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके, आणि घोड्याजवळ तर बोटाला गंज लागत होता. मला ती बंदूक बघून फार वाईट वाटलं, त्यांच्या आजोबांची होती. खरोखर आग लागली तरी आत वाफच भरते. तिजोरी वाचते, पण थंड झाल्यावर उघडून बंदूक त्याच दिवशी पुसून तेल दिलं नाही तर वाफेने जायची.

आगीत उघडी राहिलेली बंदूक वाचते असंही नाही, ते स्पष्ट सांगतो. स्प्रिंगांचं पाणी उतरतं, म्हणजे त्यांचा ताण जातो. बऱ्याच दुनळ्यांत दोन नळ्यांमधली पट्टी कथील-शिशाच्या झाळीने जोडलेली असते, आणि नेहमीची झाळ 183 अंशांनाच वितळायला लागते. आगीतून निघालेली बंदूक वरून धड दिसली तरी कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यातून बार काढायचा नाही.

म्हणून दोन पेट्या करा. कागदांसाठी एक तासाच्या चाचणीची लहान फायरप्रूफ पेटी. बंदुकीसाठी बिनभरावाची, जाड पोलादाची तिजोरी, अंग निदान चार मिलीमीटर, दार सहा. आगीपासून बंदूक वाचवायची ती जागा निवडून.

एकत्र ठेवायला माझा दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. परवाना तुमच्या नावावर आहे, वहिनींच्या नाही. लग्नसराईत त्या दागिने काढायला दार उघडणार, म्हणजे बंदूक त्यांच्या हाताशी आली. उद्या काही झालं तर तुम्हालाही जाब द्यावा लागेल आणि त्यांनाही. बंदुकीच्या तिजोरीला हात लावणारा माणूस एकच असावा. दागिने कागदांच्या पेटीशेजारी, नाहीतर बँकेत.

माप. तुमची दुनळी तीन भागांत सुटते: नळ्या, पुढचा लाकडी भाग आणि दस्ता. उभी ठेवायला चार फुटांची तिजोरी लागते, सोडून ठेवली तर नळ्यांच्या लांबीवर भागतं. तुमच्या नळ्या 30 इंची असतील तर आतून 34 इंच पुरे. तेवढ्याच पैशांत जाड पत्रा येतो. मी तर म्हणेन, आत कुलपाचा एक लहान कप्पा करून घ्या आणि पुढचा लाकडी भाग त्यात ठेवा. मोठं दार कधी चुकून उघडं राहिलं तरी पोराच्या हातात जोडलेली बंदूक लागणार नाही.

कुलूप साधं, लिव्हरचं, दोन किल्ल्यांचं. बटणांचं नको. स्वस्तातल्या बटणवाल्या पेट्या वरून जोरात आपटल्या की आतली खिट्टी उडी मारते आणि दार उघडतं, हे मी स्वतः करून दाखवलेलं आहे. शिवाय आपल्या हवेत सेल पाझरतात. एक किल्ली कायम तुमच्या कनवटीला, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. देव्हाऱ्यात नाही, पिठाच्या डब्यात नाही.

जागा. माजघर नको: एका बाजूला गॅस, डोक्यावर गवत. आग लागली की माळा पहिला पेटणार आणि जळते वाशे खाली येऊन तासन्‌तास धुमसणार. जुन्या घरात बाळंतिणीची खोली असते, अंधारी, आतली. तुमच्याकडे असेल आणि तिच्यावर माळा नसेल तर तीच जागा. दोन आतल्या भिंतींचा कोपरा धरा. पश्चिमेची भिंत टाळा, ती सगळा पाऊस पिते. सुजाताताईंनी सांगितलेली मुठीची बाजू बरोबर आहे, तशीच ठेवा. आणि गवत यंदाच गोठ्यापलीकडे वेगळ्या छपरात हलवा. तिजोरीपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

पक्की कशी करायची, इथे लोक फसतात. तिजोरी दीडशे किलोची असली तरी दोन माणसं आडवी पाडून सरकवत नेतात. फरशीखाली आपल्याकडे मुरूम असतो, त्यात बोल्ट धरत नाही. चिऱ्यात अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून धरणारा बोल्ट, फुगवला की दगडाचा भुगा होतो, हाताने ओढला तरी निघतो. म्हणून फरशी काढा, तीन बाय तीन फुटांचा, सहा इंच जाडीचा काँक्रीटचा ठोकळा ओता, आत दहा मिलीमीटरच्या सळयांची जाळी, आणि वर जमिनीपासून चार इंच येऊ द्या म्हणजे लादी पुसताना पाणी जाणार नाही. पाणी मारायला कंटाळा करू नका. तीन आठवडे झाल्यावरच भोकं पाडा, 12 मिलीमीटरचे अँकर, तिजोरीच्या आतून आवळलेले. हे काम हंगामाआधी उरका, आणि गवंडी घरचाच घ्या.

गंजासाठी: सिलिका जेल कापडी पिशवीत, महिन्याला तव्यावर मंद आचेवर शेकून परत. बंदूक चामड्याच्या म्यानात किंवा स्पंजच्या पेटीत ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. खोबरेल कधीही लावू नका, ते गोंदासारखं चिकटून बसतं. बंदुकीचंच तेल, पातळ हाताने, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी.

काडतुसं वेगळ्या कुलपाच्या डब्यात, वेगळ्या खोलीत. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे ठासणीची बंदूक असेल तर एक गोष्ट मनावर घ्या: काळी दारू जाड पोलादी बंद पेटीत ठेवायची नाही. आगीत त्या पेटीचा बॉम्ब होतो.

कलमवाला_राजापूर:

काका, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दागिन्यांची किल्ली माझी, बंदुकीची तुमची, आणि आजपासून एकमेकांना विचारायचं नाही. चिपळूणच्या दादांना: घर सड्यावर आहे, पुराची भीती नाही. तरी कागदांच्या प्रती बहिणीकडे ठेवतोय.

बाळंतिणीची खोली आहे. माझा जन्म तिथलाच. तिच्यावर माळा नाही, पण एक भिंत उत्तरेची बाहेरची आहे, म्हणून कोपरा माजघराच्या बाजूचा धरला. तो स्वयंपाकघरापासून लांबचा आहे. गवत काल हलवलं. तिजोरी रत्नागिरीच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतोय, पाच मिलीमीटरचं अंग, आत कप्पा. ठोकळा ओतून आज नववा दिवस. मुलाला बसवून सगळं सांगितलं, बंदुकीला हात का लावायचा नाही ते. त्याने विचारलं, मग तुम्ही पुसाल तेव्हा मी बघायला बसू का? हो म्हणालो, पण दोन हात लांब.

एक शंका. फॅब्रिकेटर म्हणतो, दोन बोल्ट जमिनीत आणि दोन मागच्या भिंतीत घेऊ, जास्त घट्ट बसेल. तसं करू का?

तिजोरीफिटर_देवरुख:

नको. चारही जमिनीत. आणि मागे भिंतीपासून बोटभर फट सोडा, हवा खेळायला.