मदत हवी आहे: चिऱ्याच्या घरात मेश वायफाय, ठेवू की परत करू?

मंडळी, जरा घाईत लिहितेय कारण वस्तू परत करायची मुदत रविवारपर्यंतच आहे.

मार्चपासून मी रत्नागिरीजवळ आईबाबांकडे राहून काम करतेय. घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं (म्हणजे जांभा दगडाचं), भिंती दीड फुटाच्या, वर कौलं. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर नि पडवी, आणि माजघराच्या डोक्यावर माडी, जिथे मी टेबल टाकून बसते. फायबरची वायर ओटीच्या कोपऱ्यात येते कारण जोडायला आलेल्या मुलाला तिथेच खिडकी सापडली, आणि तो डबा गेली ३ वर्षं तिथेच शोकेसच्या मागे धूळ खातोय. प्लॅन १०० एमबीपीएस वेगाचा. ओटीवर बसलं की ९०-९५ येतात, तक्रार नाही. माडीवर मात्र ३, फार तर ४, आणि दुपारी बाबांनी टीव्हीवर नाटक लावलं की माझा कॉल गेलाच, मी तोंड उघडं ठेवून स्क्रीनवर गोठते आणि मग सगळी टीम हसते.

आधी एक स्वस्तातला एक्स्टेंडर (रेंज पुढे ढकलणारा डबा) लावून झाला. त्याचं वेगळंच नाव दिसायचं, जिना उतरून खाली आलं तरी मोबाईल त्या माडीवरच्यालाच चिकटून बसायचा, शेवटी वायफाय बंदचालू करावं लागायचं. कंटाळून काढून टाकला.

म्हणून आता दोन डब्यांचा मेश सेट (डबे मिळून एकाच नावाचं वायफाय घरभर पसरवतात तो) मागवलाय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळे "माझ्याकडे हाच आहे, मस्त चालतो" लिहितील. वायफाय ६, ड्युअल बँड (म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा), खोक्यावर एएक्स १८०० लिहिलंय, प्रत्येक डब्याला वायर लावायला दोन गिगाबिट (हजार एमबीपीएसपर्यंतचे) पोर्ट. एक डबा ओटीवर फायबरच्या डब्याला वायरने जोडला, दुसरा माडीवर माझ्या टेबलावर. अॅपमध्ये दोन्ही हिरवे, लॅपटॉपवर रेंजच्या कांड्या फुल. मी खूश. स्पीड टेस्ट लावली तर १४! परत लावली तर १७, रात्री सगळे झोपल्यावर ११. ३ पेक्षा बरं आहे हो, पण एवढे पैसे घालून १४? आणि कॉल अजून मधूनमधून तुटतोच.

दादा म्हणतो हे परत कर आणि ट्राय-बँड घे, त्याची किंमत दुपटीच्या वर आहे. दुकानदार म्हणतो याच सेटला तिसरा डबा जोडा. कोणाचं ऐकू? खोक्यावर १८०० आणि हातात १४ हे काय गौडबंगाल आहे? शिवाय मेश लावल्यापासून बाबांचा प्रिंटर माझ्या लॅपटॉपला दिसेनासा झालाय, तो याचाच प्रताप का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. तांत्रिक भाषा कमी वापरलीत तर उपकार होतील.

प्रतिसाद

सरळ ३०० चा प्लॅन घ्या, विषय संपला.

प्रतिसाद

अहो वरचे, त्यांना ओटीवर ९५ येतायत ना, मग प्लॅन वाढवून काय होणार, ओटीवर ३०० येतील आणि माडीवर तेच १४. व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, फक्त ते न तुटता यायला हवेत.

ताई, १८०० ही बेरीज असते. २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे १२०१, मिळून १७७५, गोल करून १८००. तुमचा लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर असतो आणि तो आकडाही मध्ये काही आडवं नसतानाचा. दीड फूट चिरा मध्ये आला की विसरा.

आता मुख्य घोळ. तुम्हाला ज्या फुल कांड्या दिसतायत त्या लॅपटॉप आणि माडीवरचा डबा यांच्यातल्या, जे टेबलावर शेजारी शेजारी आहेत, त्या फुल असणारच. माडीवरच्या डब्याला ओटीवरच्या डब्याची रेंज किती आहे ते बघा. जिथे तुमच्या मोबाईलला रेंज नव्हती तिथेच तुम्ही डबा ठेवलात, मग त्याला तरी कुठून येणार? त्यात ड्युअल बँड म्हणजे बहुधा ज्या रेडिओने (डब्यातल्या लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाने) तो ओटीवरून डेटा घेतो त्याच रेडिओने तुम्हाला देतो, म्हणजे विहिरीवरून घागर आणणारा तोच आणि वाढणाराही तोच, वेग साधारण अर्धा होतो. ट्राय-बँडमध्ये त्या आणण्याच्या कामाला वेगळा रेडिओ असतो खरा, पण तोही भिंतीतूनच जाणार, त्यामुळे दादांचं एवढ्यात ऐकू नका. तिसरा डबाही नको, अजून एक टप्पा वाढला तर अजून अर्धं होईल.

प्रतिसाद

जांभ्यात लोखंड असतं, वायफाय शोषून घेतो. आमच्या गावी पण हाच त्रास.

प्रतिसाद

जांभ्यात लोहाचा अंश असतो हे बरोबर, त्यानेच तो लाल दिसतो, पण इथे खरा अडथळा जाडीचा आणि ओलाव्याचा आहे. चिरा पाणी धरतो आणि पाण्यातून वायफायचा जीव जातो. म्हणजे आत्ता मे महिन्यात जे आकडे येतायत ते जुलैत याहून कमी येतील हे धरूनच ठरवा.

आमचं घर चिपळूणकडे, साधारण तुमच्यासारखंच. एक सांगा, माजघर आणि माडी यांच्यामध्ये स्लॅब आहे की फळ्यांची तक्तपोशी? फळ्या असतील तर तुम्ही जिंकलात. लाकडातून रेंज आरामात जाते. भिंतींशी मारामारी करू नका, दारातून आत या आणि फळ्यांतून वर जा. म्हणजे दुसरा डबा माडीवरून काढून खाली माजघरात ठेवायचा, ओटीच्या दारासमोर, दोन्ही डबे दारातून एकमेकांना दिसतील असा. पहिला डबाही शोकेसमागून बाहेर काढा, एक मीटर वायर सहज मिळते.

ठेवायच्या आधी मोबाईलवर वायफाय मोजायचं कुठलंही अॅप टाका, दुसरा डबा बंद करा आणि त्या जागी उभं राहून पहिल्याची ५ गिगाहर्ट्झची रेंज बघा. आकडा उण्यात येतो. उणे ५५-६० असेल तर झकास, उणे ६७ पर्यंत चालेल, उणे ७५-८० दिसला तर तिथे डबा ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

धागाकर्ती

फळ्याच आहेत!! चालताना करकरतात, आई खालून ओरडते. माडीवर मोजलं तर पहिल्या डब्याची रेंज उणे ८१ 🙈 माजघरात दारासमोर उणे ५८. पण दारासमोर ठेवायला जागा म्हणजे देवघराची फळी आणि आई म्हणते देवाशेजारी हे लुकलुकणारं भूत नको. भिंतीतल्या फडताळात चालेल का?

प्रतिसाद

फडताळ म्हणजे तीन बाजूंनी चिरा, नको. लोखंडी कपाट आणि आरसा यांच्यापासूनही लांब. स्टूलवर ठेवा किंवा खांबाला खिळा मारून अडकवा. आणि तो लुकलुकणारा दिवा अॅपमधून बंद होतो बहुतेक सेटमध्ये, आईंना तेवढंच बरं.

प्रिंटरचं सांगतो. फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय अजून चालू असणार आणि प्रिंटर त्यावरच बसलाय, तुम्ही मात्र मेशवर. फायबरचा डबा आणि मेश दोघेही स्वतःला राउटर (घरातल्या नेटचा कारभारी) समजतायत, घरात दोन कारभारी झालेत. मेशच्या अॅपमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड शोधा आणि तो करा, म्हणजे कारभार फायबरचा डबा बघेल आणि मेश फक्त रेंज पसरवेल. मग फायबरच्या डब्याचं वायफाय बंद करा आणि मेशला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, टीव्ही-प्रिंटर-मोबाईल आपोआप चढतील, घरभर पासवर्ड टाकत हिंडायला नको. प्रिंटर जुना असेल तर मेशच्या अॅपमध्ये वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ या जुन्या पद्धतीवर ठेवा, नव्या डब्ल्यूपीए ३ वर जुने प्रिंटर कधीकधी चढत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांना एकत्रच लिहितेय. डबा आता माजघराच्या मधल्या खांबाला, बाबांनी सुतळीने बांधलाय, दिसतो भयंकर. माडीवर ४६, ५१, ४८!! बाबांचं नाटक चालू असतानाचे आकडे आहेत हे. काल अडीच तासांचा कॉल झाला, एकदाही गोठले नाही. प्रिंटर पण सापडला. स्वयंपाकघरात २०-२२ येतात, तिथे कोणाला काही अडत नाही. म्हणजे सेट ठेवतेय, परत करत नाही.

फक्त ते जुलैतल्या ओल्या भिंतींचं डोक्यात बसलंय. दोन डब्यांमध्ये वायरच टाकली तर?

प्रतिसाद

तर सोन्याहून पिवळं. दोन्हींना गिगाबिट पोर्ट आहेत ना, वायर जोडली की बहुतेक सेट आपोआप वायरवरून बोलायला लागतात आणि ते अर्ध्याचं गणित संपतं, माडीवर ओटीएवढंच मिळेल. मग डबा पुन्हा माडीवर नेलात तरी चालेल. कॅट ६ प्रकारची नेटची वायर घ्या, चांगल्या तांब्याची, कॅट ५ई पण १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते. टोकं दाबणाऱ्याकडून आठही तारा तपासून घ्या, चारच लागल्या तर चालते पण १०० च्या वर जात नाही, टेस्टमध्ये ९४ वर अडकते. आज तुमचा प्लॅनच १०० चा आहे म्हणून कळणार नाही, पुढे प्लॅन वाढवलात की डोकं धराल.

वायर घरातूनच फिरवा, बाहेरून कौलांखालून नको. आपल्याकडे मे-जूनच्या विजा माहितीयत ना. फायबरच्या वायरीतल्या काचेतून वीज येत नाही पण तांब्याच्या वायरीतून आणि प्लगमधून येते. गडगडायला लागलं की दोन्ही डब्यांचे प्लग काढायची सवय लावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि दुसरा डबाही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट गेली की ओटीवर नेट आणि माडीवर अंधार.

धागाकर्ती

प्लग काढायची सवय बाबांना आहेच, ढग दिसला तरी काढतात. वायरवाला गुरुवारी येतो म्हणालाय, बघू. ओटीवरून भिंतीच्या माथ्याने, मग वाशाला धरून माडीवर न्यायचीय, पावलांनी मोजलं तर २२ मीटर भरतं. २५ घेऊ की ३०? मध्ये जोड नकोय.

प्रतिसाद

३० घ्या. माडीवर उंदीर आहेत का? असतील तर पाइपातून टाका, आमची दोन महिन्यांत कुरतडली होती.