फेरेट खंगलाय, वजन कसं वाढवू? (इंदूर, महिना १५०० च्या आत)

माळवी_मिरची:
नमस्कार मंडळी. आमचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, मांस खाणारा पाळीव प्राणी) गुंड्या, नर, अडीच वर्षांचा, नसबंदी झालेली. हिवाळ्यात १२५० ग्रॅम होता, काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८७० भरला. पाठीचे मणके हाताला लागतात, कमरेपाशी खळगा पडलाय. खेळतो, शी बरी आहे, पण वाटीतलं निम्मं तसंच राहतं. ज्या दुकानातून आणला त्यांनी कुत्र्याच्या पिल्लाचं खाणं द्यायला सांगितलं होतं, तेच चालू आहे, वर थोडं दूध. बजेट महिना १५००, त्यापुढे नाही. आणि घरात सासूबाई आहेत, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. तेव्हा 'चिकन शिजवा' सोडून काय ते सांगा.

बोकोबा:
चिकन शिजवा. दुसरा उपाय नाही. आमचा बोका असाच हाडाडला होता, कलेजी सुरू केली आणि आता जिना चढताना धापा टाकतो.

दांडियाबाजारचा_राजा:
वडोदऱ्याहून. माझ्याकडे दोन फेरेट आहेत. त्यांचं खास खाणं बहीण अमेरिकेहून येताना आणते, इथे मागवलंत तर पिशवी सहा-सात हजारांना पडेल, पण जीव पाळायचा तर खर्चाकडे बघू नये. अंगावरून हात फिरवा, नुसतं रेशीम. बाकी नर उन्हाळ्यात उतरतातच, दिवस लहान व्हायला लागले की परत भरतात. घाबरू नका.

माळवी_मिरची:
राजाभाऊ, बजेट वर लिहिलंय.

कायदेपंडित:
मुंगूस पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आधी ते बघा, वजन मग.

महूकर:
पंडित, फेरेट म्हणजे मुंगूस नव्हे. हा मिंक-विझल या लांबट अंगाच्या छोट्या शिकारी प्राण्यांच्या घराण्यातला, माणसाळलेला प्राणी. मुंगसाचं कूळ वेगळं, ते मांजराच्या बाजूचं.
मिरचीताई, उन्हाळ्याचा उतार मान्य, पण वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेलंय आणि खाणंही कमी झालंय, ते नुसतं ऋतूवर ढकलू नका. आधी रक्तातली साखर तपासून घ्या. मागच्या पायांत ताकद नसणं, शून्यात टक लावून बसणं, लाळ, तोंड पंजानं ओरबाडणं, यातलं काही दिसतं का? साखर उतरत असेल तर ही लक्षणं दिसतात. साखर उतरवणारी स्वादुपिंडाची गाठ फेरेटमध्ये बरीच आढळते, बहुधा तीन वर्षांपुढे. दात करकर खात असेल किंवा शी डांबरासारखी काळी असेल तर पोटात व्रण. शेपटीकडून केस जात असतील तर ॲड्रिनल ग्रंथीचा आजार. तपासणीसाठी रात्रभर उपाशी ठेवू नका, तीन-चार तास पुरेत, तेही डॉक्टरांना विचारूनच. या प्राण्याचं आतडं आखूड, खाल्लेलं तेवढ्या वेळात बाहेर. म्हणूनच वाटी दिवसभर भरलेली हवी.

उगाचच:
+१ साखर तपासा.

रिमोटग्रस्त:
रबर खाल्लंय का ते बघा! आमच्या फेरेट बाईसाहेबांनी टीव्हीच्या रिमोटची बटणं गिळली. शी होत होती, खेळतही होती, आणि वजन मात्र उतरत होतं. ऑपरेशन झालं, अठरा हजार गेले, आता रिमोट कपाटात कुलपात. नवरा अजून कुरकुरतो.

बोकोबा:
रिमोट सोडा हो. चिकन.

सुदामानगरी:
चिकन-चिकन काय लावलंय, त्यांनी नाही म्हटलंय ना. मांजराच्या पिल्लाचं कोरडं खाणं आणा. पिशवीवर प्रथिनं ३५ टक्क्यांच्या वर, चरबी २० च्या आसपास, आणि घटकांत पहिलं नाव मांसाचं हवं. मका-वाटाणा पहिल्या तिनात दिसला की खाली ठेवा. कुत्र्याच्या खाण्यात धान्य फार असतं, फेरेटला ते पचत नाही. दूध आजच बंद, त्यानं जुलाब होतात. सासूबाईंना वास आला तर 'बिस्किटं' म्हणा, आमच्याकडे हेच चाललंय.

महूकर:
सुदामानगरींचं बरोबर. फक्त एकदम बदलू नका. फेरेट लहानपणी जे खाल्लं तेच अन्न मानतो, नवीन वाटी समोर ठेवून उपाशी बसेल. जुन्यात चिमूटभर नवीन, मग हळूहळू वाढवा. नवीन दाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मिक्सरला फिरवा, पेजेइतकं पातळ. बोटाला लावून ओठांवर टेकवा, चाटेल. दोनदा चाटला की वाटी पुढे करा. कोमटच द्या, गारढोण झालं की ढुंकून बघत नाहीत. दर तीन-चार तासांनी थोडं, उरलेलं फेकून द्या, या दिवसांत लगेच आंबतं. वजन रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर. गळून पडलाच तर हिरड्यांना मध चोळा आणि थेट दवाखाना. एरवी मध-साखर नको.

दांडियाबाजारचा_राजा:
आणि एसी. तिशीच्या वर पारा गेला की यांना उष्माघाताची भीती. माझे एसीतच असतात.

सुदामानगरी:
इंदुरात मे महिन्यात कूलर पुरतो, हवा कोरडी आहे.

दांडियाबाजारचा_राजा:
बेचाळिसात कूलर? विचारा एकदा फेरेटला.

उगाचच:
जोडीदार आणा, एकटा खंगतो.

महूकर:
कृपा करून आणू नका. आधी याचं निदान होऊ द्या. आणि या अवस्थेत जागाही बदलू नका.

माळवी_मिरची:
सगळ्यांचे आभार. इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवलं. साखर ९६, म्हणजे ठीक, पोटात रबर-बिबर काही नाही, शी तपासली, जंतही नाहीत. त्यांच्या मते कुत्र्याचं खाणं, दूध आणि उन्हाळा असं मिळून झालंय.
मी गुंड्याला पावसाळ्यापर्यंत महूलाच भावाकडे ठेवतेय. तिथे एसी आहे, रोज मटण-चिकन शिजतं आणि दवाखाना जवळ. जागा बदलू नका म्हणालात हे कळतंय, म्हणून त्याचा पिंजरा, माझी जुनी ओढणी, सगळं सोबत दिलंय. मांजराच्या खाण्याची पिशवीही घेतली. सासूबाईंना 'बिस्किटं' सांगितलं, त्यांनी पिशवीवरचं मांजर बघून विचारलं, "कोणाची?"

महूकर:
नेताय तर न्या. भावाला मीठ, मसाला, कांदा न घालता शिजवायला सांगा आणि हाड शिजवलेलं देऊ नका. आणि नुसत्या मांसावर ठेवू नका, कॅल्शियम कमी पडतं, पिशवीतलं चालूच राहू दे.

बोकोबा:
म्हणजे शेवटी चिकनच.

नवा_सभासद:
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. दूध-पोळी कुस्करून द्या, आमच्या आजी सगळ्या प्राण्यांना तेच द्यायच्या.

सुदामानगरी:
वर वाचा.