नमुने इथले, निर्णय कुणाचे? (विकसनशील देशांतले संशोधक आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य)

प्रयोगवही (धागाकर्ती)

परदेशातल्या एका मोठ्या गटाकडून आमच्या प्रयोगशाळेकडे सहकार्याचा करार आला आहे. बारा पानं. रक्ताचे नमुने आम्ही गोळा करायचे, गोठवून पाठवायचे. जनुकक्रम वाचणं आणि विश्लेषण तिकडे. पाचव्या पानावर एक ओळ आहे: उरलेल्या नमुन्यांचं काय करायचं ते मुख्य संस्था ठरवेल. ती ओळ मी चारदा वाचली, आणि सही न करता फाइल मिटली.

यापूर्वी एकदा अशी सही केली होती. दोन वर्षं गावोगाव फिरून नमुने आणले. निबंध छापून आला तेव्हा आमच्या गटाचं नाव शेवटच्या आभारांत होतं, आणि ज्यांनी दंड पुढे केला त्यांना निष्कर्ष सांगायला कुणी फिरकलंच नाही. त्या गावांत पुन्हा जायला मला आजही अवघड वाटतं.

हे काही माझ्या एकटीचं गाऱ्हाणं नाही. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाची साथ होती. हजारो नमुने तिथून बाहेर गेले, आणि पुढे तिथल्याच संशोधकांना ते मिळवताना नाकी नऊ आले. ब्राझीलच्या उबिराजारा या डायनासोरचं उदाहरणही बोलकं आहे. जीवाश्म जर्मनीतल्या संग्रहालयात पोहोचला, २०२० साली त्यावर निबंध आला, आणि लेखकांत एकही ब्राझीली नाही. तिथल्या कायद्याने १९४२पासून जीवाश्म ही देशाची मालमत्ता आहे. ब्राझीलच्या जीवाश्मशास्त्रज्ञांनी आवाज उठवला, निबंध मागे घेतला गेला आणि २०२३मध्ये जीवाश्म मायदेशी परतला.

माझं म्हणणं एवढंच. सहकार्याचं जाळं कितीही मोठं असो. प्रश्न कुणी ठरवला आणि नमुना कुणाच्या फ्रीजरमध्ये राहणार, याचं उत्तर 'तिकडे' असेल तर ते सहकार्य नव्हे, आपण फक्त पुरवठादार आहोत. असे करार नाकारावेत. तुम्हाला काय वाटतं?

दक्षिणवारा

ताई, तुमचा संताप पटतो, निष्कर्ष पटत नाही.

एकटं पडणं म्हणजे काय असतं, हे पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्याकडून कळतं. केंब्रिजहून ते १९५१ साली लाहोरला परतले. बरोबरीने भौतिकशास्त्र बोलणारं कुणी नाही, ताजी नियतकालिकं नाहीत. १९५४ साली त्यांना देश आणि संशोधन यांतलं एक निवडावं लागलं आणि ते परत केंब्रिजला गेले. ही जखम त्यांनी लपवली नाही. १९६४ साली त्यांच्या पुढाकाराने इटलीत त्रिएस्ते इथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. तिथली सहयोगी योजना मला फार मोलाची वाटते: नोकरी आपल्याच देशात ठेवायची, काही वर्षांच्या मुदतीत पुन्हा पुन्हा त्रिएस्तेला जायचं, दर खेपेला काही आठवडे राहून काम करायचं आणि घरी परतायचं. देश सोडायची वेळ दुसऱ्यावर येऊ नये म्हणून केलेली ही सोय होती. स्वतः सलाम यांना १९७९ साली नोबेल मिळालं, पण केंद्रातून परत गेलेल्या माणसांनी आपापल्या विद्यापीठांत जे विभाग उभे केले, ते मला त्याहून मोठं काम वाटतं.

तुम्ही सही केली नाहीत तर तो गट शेजारच्या देशात जाईल. तुमच्या विद्यार्थ्याला मात्र जनुकक्रम वाचायचं यंत्र आणखी पाच वर्षं बघायलाही मिळणार नाही. असमान का होईना, संबंध असला तर त्यात भांडता तरी येतं.

शीतपेटी

दोघंही वरच्या मजल्यावरचं बोलताय, मी तळमजल्यावरचं सांगतो. मी तंत्रज्ञ आहे.

एका जाळ्यामार्फत आम्हाला पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती वाढवणारं) भेट मिळालं. फीत कापली, फोटो काढले. त्यात वापरायची विकरं (एन्झाइम्स) कोरड्या बर्फात येतात. पहिलं खोकं विमानतळाच्या सीमाशुल्क गोदामात नऊ दिवस पडून राहिलं, कारण 'जैविक पदार्थ' या शब्दावर अधिकारी अडला. खोकं हातात घेतलं तेव्हाच कळलं, हलकं लागत होतं. आत बर्फाचा मागमूस नाही, कुप्या कोमट. तरी आशेने एक प्रयोग लावून पाहिला. पडद्यावर सरळ आडवी रेष, काहीच वाढलं नाही. पुढचं खोकं मागवायला त्या वर्षीच्या अनुदानात पैसे नव्हते. यंत्रावर चादर आली ती सात महिने.

शेवटी ते चालू केलं ते जाळ्यातल्याच दुसऱ्या एका देशातल्या तंत्रज्ञ बाईंनी. तिचीही तीच अडचण होऊन गेली होती. सीमाशुल्काला द्यायच्या पत्राचा मसुदा तिने पाठवला आणि साध्या फ्रीजमध्ये टिकणारी सुकवलेली विकरं कुठे मिळतात ते सांगितलं. यंत्र देणाऱ्याला हे माहीतच नव्हतं. माझ्या मते गरिबाघरचं दुखणं गरिबालाच कळतं. एकमेकांच्या शेजारच्या, सारख्या अडचणींच्या देशांत जाळी विणा, उत्तरेकडच्या श्रीमंत देशांशी असलेली आपोआप सुधारतील.

अवांतर: स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विज्ञान कार्यक्रम १९६१ साली सुरू झाला. एकाच गटाला वर्षानुवर्षं साथ देण्याची त्यांची पद्धत मला आवडते. तीन वर्षांच्या प्रकल्पात विश्वास कुठून बसणार?

काठावरून

शीतपेटी यांना +१. फक्त एक भर. वाचायला मिळालं म्हणजे छापता येतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिनारी उपक्रमामुळे २००२पासून गरीब देशांना वैद्यकीय नियतकालिकं फुकट किंवा नाममात्र दरात वाचता येतात. उत्तम झालं. पण मोठ्या अर्थव्यवस्थांचे देश त्यात बसत नाहीत, भले तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची फडताळं रिकामी का असेनात. आणि खुल्या प्रवेशासाठी, म्हणजे निबंध कुणालाही फुकट वाचता यावा म्हणून, लेखकाने भरायची रक्कम? 'नेचर' या नियतकालिकाने २०२० साली ती ९,५०० युरो जाहीर केली. अगदी गरीब देशांना सूट मिळते, मधले लोंबकळत राहतात. श्रीमंत भागीदार असला की फी तो भरतो, आणि मग पहिलं नाव कुणाचं हेही हळूच तोच ठरवतो.

प्रयोगवही

दक्षिणवारा, "असमान असला तरी संबंध असावा" हे पटत नाही. नकाराने काय होतं याचा दाखला आहे. इंडोनेशियाने २००७ साली बर्ड फ्लूचे विषाणू-नमुने द्यायला नकार दिला. कारण स्पष्ट होतं: नमुने आमचे, त्यावरून लस बनवणार कंपन्या, आणि ती आम्हालाच परवडणार नाही. जगभरातून टीका झाली, पण २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेत नमुने आणि लाभ यांच्या वाटपाची चौकट मंजूर झाली. गोड बोलून ती झाली असती असं मला वाटत नाही.

दक्षिणवारा

झाली असती की नाही, सांगता येत नाही. पण मधली चार वर्षं तो विषाणू कसा बदलतोय हे जगाला नीट दिसत नव्हतं, आणि त्या वेळी माणसाकडून माणसाकडे साथ सुरू झाली असती तर सगळ्यात आधी इंडोनेशियातलीच माणसं गेली असती. त्या नकाराचं कौतुक करताना माझा हात थरथरतो.

उलट बाजूही मान्य करतो. नोव्हेंबर २०२१मध्ये बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी ओमिक्रॉन ओळखला आणि लगेच जगाला सांगितलं. बक्षीस म्हणून मिळाली ती प्रवासबंदी. ही कृतघ्नता होती. पण ते काही दिवसांत ओळखू शकले, कारण जनुकक्रम वाचणारी यंत्रणा त्यांच्याकडे आधीच उभी होती. ती वर्षानुवर्षांच्या सहकार्यातून आली. पहिल्याच दिवशी दार लावून आली नाही.

निळीशाई

वाद 'सही की नकार' असा का अडकलाय? आफ्रिकेतल्या एच-थ्री-आफ्रिका या जनुक-संशोधन प्रकल्पाने मधला रस्ता दाखवला. अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था एनआयएच आणि संशोधनाला पैसा देणारी ब्रिटनची वेलकम यांनी २०१०मध्ये तो जाहीर केला. अनुदान थेट आफ्रिकी संस्थांना, प्रमुख संशोधक तिथलेच, नमुन्यांचे साठे दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि नायजेरियात. २०२०मध्ये त्यांनी ५० भाषिक-वांशिक गटांतल्या ४२६ जणांचे पूर्ण जनुकसंच वाचले आणि आधी नोंद नसलेले तीस लाखांहून जास्त फरक सापडले. नेतृत्व आणि नमुन्यांचे साठे तिथेच ठेवूनही उत्तम विज्ञान होतं, याला आणखी पुरावा कशाला हवा?

मात्र २०२२ साली प्रकल्पाची मुदत संपली. आणि मे २०२५मध्ये एनआयएचने परदेशी उप-अनुदानं थांबवून नवी पद्धत आणायचं ठरवलं, तेव्हा अनेक देशांतले चालू अभ्यास एका घोषणेने टांगणीला लागले. फ्रीजर आपला असला तरी त्याचं वीजबिल दुसऱ्याच्या तिजोरीतून जात असेल तर काय, यावर इथे अजून कुणीच बोललेलं नाही. आपापल्या सरकारांनी पैसा घातल्याशिवाय ताईंच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं कायमची 'इकडे' होणार नाहीत.

प्रयोगवही

निळीशाई, बरोबर बोललात. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

दोन दिवस विचार केला. करार नाकारत नाही, पण पाचव्या पानावरची ओळ खोडली आहे. तिच्या जागी लिहिलंय: प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग इथेच राहील, पाठवलेला भाग ठरल्या कामाखेरीज वापरायचा तर आमच्या नीतिसमितीची लेखी परवानगी लागेल, आणि आमचे दोन विद्यार्थी विश्लेषणाच्या पहिल्या दिवसापासून तिकडे बसतील. गावात निष्कर्ष सांगायला जाण्याचा खर्चही अंदाजपत्रकात घातलाय. शुक्रवारी पाठवते.

दक्षिणवारा

विद्यार्थ्यांचं कलम सर्वांत वर आणा. आणि 'बसतील' पुरेसं नाही, त्यांच्या हाती कच्ची विदा (डेटा) येईल असं स्पष्ट लिहा. माझ्या गटाने हे लिहिलं नव्हतं. मुलं सहा महिने तिकडे राहून फक्त तक्ते घेऊन परतली. अर्ध्या नमुन्याचा हट्ट मला अजूनही जास्तीचा वाटतो, त्यावर ते अडतील. अडले तर इथे कळवा.

शीतपेटी

अर्धा इथे ठेवणार असाल तर आधी फ्रीजरच्या जनित्राचं बघा. सीमाशुल्काच्या पत्राचा मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवतोय.